रेंजवर जमलेला स्विंग कोर्सवर का हरवतो?

गोल्फ खेळणाऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा: हँडिकॅप (फेरीत ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) अठराच्या आसपास आहे. आठवड्यातून दोनदा रेंजवर, म्हणजे सरावाच्या जागी, साठ-सत्तर चेंडूंची बकेट संपते आणि तिथे ७ आयर्न (मध्यम अंतराचा क्लब) मनासारखं लागतं. रविवारी कोर्सवर मात्र एक फटका उजवीकडे झाडीत जातो, पुढचा जमिनीत, आणि तिसरा इतका सुरेख की आधीचे दोन कुणी मारले असं वाटावं. मन एकाग्र करून स्विंगमध्ये सातत्य आणता येईल का, आणि कसं?

येईल. पण मनाकडे वळण्याआधी एक तपासणी करा, कारण रेंजवर ‘मनासारखं लागतं’ हे पुष्कळदा मॅटचं कौतुक असतं. चेंडूच्या दोन इंच मागे क्लब टेकला तरी रबरी मॅटवरून तो घसरत पुढे येतो आणि चेंडू बऱ्यापैकी उडतो. आवाज जरा जड येतो, दहा-पंधरा यार्ड कमी जातात, आणि रेंजच्या जुन्या चेंडूंमुळे तेही लक्षात येत नाही. गवतावर, विशेषतः पावसाळ्यातल्या मऊ जमिनीवर, तोच फटका माती उकरून तीस यार्डांवर पडतो. म्हणजे स्विंग दोन्हीकडे एकच होता, फक्त मॅटने तो लपवला होता. चेंडूच्या मागे अर्ध्या वितीवर, साधारण चार-पाच इंचांवर, घडी केलेला टॉवेल ठेवा आणि ७ आयर्नने दहा चेंडू मारा. टॉवेलला दोनपेक्षा जास्त वेळा क्लब लागला तर तुमच्या स्विंगच्या चापाचा सर्वात खालचा बिंदू चेंडूच्या मागे आहे आणि वजन डाव्या पायावर वेळेत येत नाही. (इथली सगळी उदाहरणं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.) ही दुरुस्ती आधी करून घ्या. एकाग्रतेने ती होत नाही.

टॉवेल आठ वेळा सुटला तर पुढचं वाचायला हरकत नाही.

रेंजवर एकच क्लब, सपाट जागा आणि दर पंधरा-वीस सेकंदांना एक चेंडू असतो. आधीचा उजवीकडे गेला की पुढच्यात हात आपोआप भरपाई करतात. दहाव्या चेंडूपर्यंत जे जमलेलं असतं, ती आधीच्या नऊ चेंडूंवरून केलेली जुळवाजुळव असते. कोर्सवर ७ आयर्न अख्ख्या फेरीत तीन-चारदा हातात येतं. त्याच्या दोन फटक्यांत तासभर जातो, दर वेळी उतार वेगळा, गवत वेगळं, आणि संधी एकच. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत आणि तुम्ही त्यांतल्या एकाचाच सराव करता. शिया आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये प्रयोगाने दाखवलं होतं, की एकच कृती सलग घोटली तर सराव चालू असताना प्रगती झकास दिसते, पण काही दिवसांनी तपासलं तर कृती आलटून-पालटून केलेल्यांच्या जास्त लक्षात राहिलेलं असतं. हा प्रयोग गोल्फवरचा नव्हता, पण रेंजवरच्या बकेटीला चपखल लागू पडतो.

आता मूळ मुद्दा. चांगल्या खेळाडूचा बॅकस्विंग (क्लब मागे वर नेणं) पाऊण सेकंदाच्या आणि डाउनस्विंग (तिथून चेंडूपर्यंत खाली आणणं) पाव सेकंदाच्या आसपास असतो. क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा पृष्ठभाग) आणि चेंडू एकमेकांना चिकटलेले असतात ते सेकंदाच्या साधारण दोन हजाराव्या भागापुरते. समोर दिवा लागला की बटण दाबायचं, एवढ्या साध्या कामालाही माणसाला एक पंचमांश सेकंद लागतो. म्हणजे डाउनस्विंग सुरू झाल्यावर ‘कोपर आत ठेव’ हा विचार मनात येऊन हातापर्यंत पोचेतो चेंडू निघून गेलेला असतो. त्या एका सेकंदात मनाला करण्यासारखं काहीच नाही. जे काही हातात आहे ते क्लब हलण्याआधीच्या तीस-चाळीस सेकंदांत. स्विंग कधीच तंतोतंत सारखा येत नाही, पण त्याआधीचे तीस सेकंद मात्र नव्वदच्या नव्वद फटक्यांना सारखे ठेवता येतात.

अपेक्षाही जरा तासून घ्या. क्लबफेस एक अंश उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहिला तर २०० यार्डांवर चेंडू साडेतीन यार्ड बाजूला जातो, आणि तो वळला तर त्याहून जास्त. फेअरवेवरून (होलकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरून) १५० यार्ड राहिलेले असताना पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतल्या खेळाडूंचेही चेंडू सरासरीने झेंड्यापासून वीस फुटांहून लांब थांबतात. आठ फुटांचा पट (होलकडे घरंगळत नेणारा हलका फटका) ते साधारण दोनातून एकदा घालतात. तेव्हा अठरा हँडिकॅपचा चेंडू ग्रीनच्या (होलभोवतीच्या आखूड हिरवळीच्या) कडेला पडला की ‘आज लक्षच नाही’ म्हणून स्वतःला झापण्यात अर्थ नसतो. तो फटका ठीक होता.

फटक्याआधीचे तीस सेकंद

स्वीडिश गोल्फपटू अनिका सोरेनस्टामच्या प्रशिक्षक पिया निल्सन आणि त्यांच्या सहकारी लिन मॅरियट यांची एक युक्ती जगभर वापरली जाते. चेंडूच्या मागे जमिनीवर एक काल्पनिक रेघ मानायची. रेघेच्या मागे विचार करायचा, रेघेच्या पुढे फक्त खेळायचं. ऐकायला सोपी आहे. बहुतेकांचं बिघडतं ते रेघ ओलांडल्यावरही विचार चालू राहतो म्हणून, किंवा मागे उभं असताना तो पुरता केलेलाच नसतो म्हणून.

रेघेच्या मागे, चेंडूपासून आठ-दहा फुटांवर उभे राहा. आधी चेंडू कसा बसलाय ते बघा, मग अंतर, वारा, आणि धोका कोणत्या बाजूला आहे. क्लब निवडताना स्वतःचं खरं सरासरी अंतर वापरा. एकदा वाऱ्याच्या साथीने गेलेले १५० यार्ड म्हणजे तुमचं ७ आयर्न नव्हे. पुण्यातून मुंबईला खेळायला जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं, की पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. तिथे बसलेलं अंतर चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर दोनेक टक्क्यांनी कमी पडतं, म्हणजे १५० यार्डांत तीन यार्ड. दोन क्लबांच्या मधलं अंतर आलं तर मोठा क्लब घ्या, अर्धा इंच खाली धरा आणि नेहमीच्या लयीत मारा. छोटा क्लब ‘जरा जोर लावून’ मारणं ही सातत्य घालवण्याची सर्वात स्वस्त पद्धत आहे.

मग निर्णय एका वाक्यात, ओठ हलतील इतपत पुटपुटा: ‘६ आयर्न, बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) उजव्या कडेवर, पूर्ण स्विंग.’ वाक्य अडखळलं तर निर्णय झालेला नाही. वाक्यात ‘नको’ हा शब्द येऊ देऊ नका. ‘डावीकडे पाण्यात नको’ म्हटलं की डोळ्यांसमोर पाणीच उभं राहतं. पाणी टाळायचं असेल तर लक्ष्य उजवीकडे सरकवा आणि वाक्यात त्या लक्ष्याचं नाव घ्या. लक्ष्य लहान असू द्या. ‘फेअरवे’ हे लक्ष्य होत नाही. दूरचा विजेचा खांब किंवा गुलमोहराची डावी फांदी, एवढं नेमकं हवं.

त्यानंतर एकच सराव-स्विंग, खऱ्या वेगात, गवत घासून. तीन-चार स्विंग करणारा माणूस बहुधा चुका शोधत असतो. मग चेंडूमागून एकदा त्याचा मार्ग बघा: कुठून निघेल, किती उंच जाईल, कुठे पडेल. व्यावसायिक गोल्फपटू जेसन डे यासाठी डोळे मिटून उभा राहतो. चित्र स्पष्ट दिसलंच पाहिजे असं नाही. काहींना मार्ग दिसतो, काहींना फक्त फटक्याचा आवाज किंवा हातातलं वजन जाणवतं. तेही चालतं.

आता दिग्गज गोल्फपटू जॅक निकलसने रूढ केलेली गोष्ट. लक्ष्याच्या रेषेवर चेंडूच्या पुढे दोन-तीन फुटांवर एक खूण हेरा, वाळकं पान, डिव्हॉट (क्लबने उकरलेली जागा), काहीही. रेघ ओलांडा. आधी क्लबफेस त्या खुणेकडे सरळ तोंड करून ठेवा, मग पाय. बहुतेक हौशी खेळाडू आधी पाय लावतात आणि नंतर क्लब त्यात बसवतात. त्यामुळे खांदे दर वेळी वेगळ्या दिशेला राहतात, आणि तुम्ही ज्याला स्विंगमधली विसंगती म्हणता ती निम्मी इथेच तयार होते. पायांची रेषा लक्ष्यावर जात नाही. ती लक्ष्यरेषेला समांतर, किंचित डावीकडे राहते, रेल्वेच्या दोन रुळांसारखी. रेंजवर यासाठी जमिनीवर काठी ठेवा. फेरीत मात्र पाय जुळवायला क्लब किंवा काठी खाली ठेवून स्टान्स घेतला तर दंड बसतो. २०१९ पासून स्टान्स घेताना कॅडीलाही तुमच्या मागे रेषेत उभं राहता येत नाही. ही कामं स्वतःच्या डोळ्यांना शिकवावी लागतात.

लक्ष्याकडे दोनदा बघा. दुसऱ्यांदा नजर चेंडूवर परतली की दोन सेकंदांच्या आत क्लब हलला पाहिजे. हलण्यासाठी एक ठरलेली खूण ठेवा: छोटा वॅगल (क्लबचा हलका झोका), उजवा गुडघा किंचित आत, किंवा श्वास सोडण्याचा शेवट. खूण कोणतीही चालेल, पण रोज तीच. रेघ ओलांडल्यापासून फटक्यापर्यंत आठ ते बारा सेकंद पुरतात. सोबत्याला फोनवर वेळ लावायला सांगा. तुमचे दहा फटके नऊ, दहा, नऊ, अकरा असे येत असतील तर ठीक. आठ आणि मग एकवीस असा आकडा आला तर त्या एकवीस सेकंदांच्या फटक्याचं काय झालं ते आठवा, उत्तर तिथेच मिळेल. चेंडूवर मूर्तीसारखं उभं राहिलं की पंजे आवळतात, मनगटं लॉक होतात, क्लबफेस वेळेत बंद होत नाही आणि चेंडू उजवीकडे जातो.

उभं असताना शंका आली तर मागे या आणि वाक्यापासून पुन्हा सुरू करा. नियम एका फटक्याला चाळीस सेकंदांच्या आत खेळायचा सल्ला देतात. बाकी फटके वेळेत असतील तर एखाददुसऱ्या वेळी मागे येण्याने कुणी खोळंबत नाही. लाजेखातर मारलेला अर्धवट फटका झाडीत शोधायला तीन मिनिटं जातात, ती जास्त.

लक्ष कुठे ठेवायचं

‘काही विचार करू नका’ हा सल्ला निरुपयोगी आहे, मन रिकामं राहत नाही. प्रश्न फक्त कशाने भरायचं हा असतो. संशोधक गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नवशिक्यांना छोटे पिच फटके शिकवताना एका गटाला हातांच्या हालचालीकडे आणि दुसऱ्याला क्लबच्या झोक्याकडे लक्ष द्यायला सांगितलं. दुसऱ्या गटाचे फटके जास्त अचूक पडले. हेच तत्त्व तुमच्या आवडत्या सूचनांना लावा. ‘डावा हात सरळ’ ऐवजी ‘क्लबहेड चेंडूपासून लांब जाऊ दे’. ‘मनगट वळव’ ऐवजी ‘क्लबचं टोक त्या झाडाकडे फेक’. ‘वजन पुढे ने’ ऐवजी ‘चेंडूच्या पुढचं गवत काप’. शरीर तेच करतं, पण लक्ष शरीराबाहेर राहतं आणि हालचाल मोकळी होते.

एका फेरीला अशी एकच सूचना. पहिल्या टीवर (होल जिथून सुरू होतं तिथे) ठरवायची आणि अठराव्या ग्रीनपर्यंत बदलायची नाही. सहाव्या होलवर सोबत्याने दिलेला मोफत सल्ला आदराने ऐकून सोमवारसाठी ठेवून द्या.

यात एक पोटभेद आहे. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांच्या २००२ मधल्या पटिंगवरच्या प्रयोगात सरावलेल्या खेळाडूंना स्वतःच्या हालचालीवर लक्ष ठेवायला लावल्यावर त्यांचा खेळ बिघडला, आणि मन दुसऱ्या कामात गुंतवल्यावर त्याहून चांगला झाला. त्याच अभ्यासातल्या फुटबॉलच्या ड्रिब्लिंगच्या प्रयोगात नवशिक्यांचं नेमकं उलटं झालं. म्हणून खेळायला लागून सहा महिनेच झाले असतील तर तंत्राचा विचार करणं चूक नाही, गरजेचं आहे. अठरा हँडिकॅपवाला अधेमधे असतो: रेंजवर विचार करावा, कोर्सवर करू नये.

आणि ‘हेड अप साहेब’ याबद्दल. चेंडू टॉप झाला, म्हणजे क्लब त्याच्या वरच्या भागाला लागला, की कॅडीपासून व्याह्यापर्यंत सगळे हेच निदान करतात. डोकं वर येणं हा बहुतेक वेळा परिणाम असतो. कंबर चेंडूकडे पुढे सरकते, जागा उरत नाही म्हणून धड वर उठतं, हात आखडतात आणि क्लबची खालची कड चेंडूच्या मध्यावर लागते. त्यावर उपाय म्हणून डोकं खाली दाबून धरलं तर छाती फिरत नाही, वजन मागे राहतं आणि पुढचा फटका जमिनीत जातो. ‘हेड अप’ ऐवजी ‘फॉलो-थ्रूमध्ये छाती लक्ष्याकडे’ एवढं पुरे.

लय

चांगल्या खेळाडूंचा स्विंग जलद असो की संथ, बॅकस्विंग आणि डाउनस्विंगच्या वेळांचं प्रमाण साधारण तीनास एक येतं. मोजायचं असेल तर फोनवर सेकंदाला २४० चौकटींचं स्लो मोशन घ्या. क्लब हलल्यापासून वर पोचेपर्यंतच्या आणि तिथून चेंडूपर्यंतच्या चौकटी मोजा. १९२ आणि ६४ आल्या तर प्रमाण अचूक आहे. हौशी खेळाडूंचं बिनसतं ते बहुधा वरच्या टोकाला. बॅकस्विंग मुद्दाम हळू नेतात आणि मग खांद्याने झडप घालतात. ‘हळू मार’ हा सल्ला म्हणूनच धोक्याचा, त्याने लांबते ती फक्त पहिली बाजू.

ही लय अंगात मुरवायला तबला उत्तम. चार मात्रांचं आवर्तन धरा. पहिल्या मात्रेला क्लब हलतो, चौथीला वर पोचतो, आणि पुढच्या समेला चेंडू. एक ते चार ही तीन अंतरं, चार ते सम हे एक, तीनास एक आपोआप साधतं. लय मिनिटाला २२५ मात्रांच्या आसपास ठेवा. फार उतावीळ वाटली तर २०० वर या, अंगात चपळाई असेल तर २५० पर्यंत जा. तबल्याचं किंवा मेट्रोनोमचं कुठलंही ॲप चालेल. आधी चेंडूशिवाय वीस स्विंग, मग वेजने (आखूड अंतराच्या क्लबने) अर्धे फटके, मग ७ आयर्न. ड्रायव्हरचीही (सर्वात लांब मारणाऱ्या क्लबची) लय तीच असते, तिथे वेगळं काही करायचं नाही. हे सगळं रेंजवर. फेरीत तालासाठी कानात काही ऐकणं नियमांत बसत नाही, मनातल्या मनात गुणगुणायला मात्र कुणाची आडकाठी नाही.

पहिली टी, धडधड आणि पकड

ताणाखाली सर्वात आधी बदलते ती पकड. एक ते दहाच्या मापावर रेंजवर चार असणारी पकड पहिल्या टीवर सातवर जाते आणि ते कळतही नाही. कोपरा कापलेली दुधाची पिशवी धरतो तशी पकड हवी: सुटूही नये आणि दूधही उडू नये. रेघेच्या मागे एकदा मुद्दाम करकचून आवळा, मग चारपर्यंत सैल सोडा. फरक कळल्याशिवाय सैल करता येत नाही. श्वास चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर, असं दोनदा. श्वास रोखून मारू नका. अर्धा बाहेर गेला की क्लब हलवा.

धडधड थांबवण्याच्या मागे लागू नका, ती राहू द्या. धडधडत्या छातीने चेंडू थोडा लांबच जातो. पहिल्या टीवर ड्रायव्हर सक्तीचा नाही. फेअरवे अरुंद असेल तर ५ वुड किंवा हायब्रिड घ्या. टीची, म्हणजे चेंडूखालच्या खुंटीची, उंची रोज एकच ठेवा. ड्रायव्हरसाठी चेंडूचा साधारण अर्धा भाग क्लबच्या वरच्या कडेच्या वर दिसला पाहिजे. घाईत टी कधी खोल, कधी उथळ खोचली जाते आणि दोष स्विंगला मिळतो.

दबावाखाली स्विंग ‘मोडतो’ हीही अर्धी समजूत. १९९९ मध्ये कार्नुस्टीला ब्रिटिश ओपन स्पर्धेच्या शेवटच्या होलवर फ्रेंच गोल्फपटू ज्यां व्हान द वेल्डला सहा फटके पुरले असते, त्याने सात घेतले आणि प्ले-ऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. ते होल आठवून बघा. टीवर ड्रायव्हर, मग सुरक्षित पुढे सरकवायचं सोडून २ आयर्न, प्रेक्षकसज्जाला लागून परत आलेला चेंडू, दाट रफ (उंच गवत), मग ओढा. दुर्दैव होतंच, पण तीन फटक्यांची आघाडी असताना प्रत्येक निर्णय धोक्याच्या बाजूचा होता. उलट उदाहरण गोल्फपटू रॉरी मॅकिलरॉयचं. एप्रिल २०११ मध्ये मास्टर्स स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी चार फटक्यांची आघाडी घेऊन उतरला आणि ८० फटके मारून बसला. जूनमध्ये त्याच स्विंगने यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकला.

फटक्यांच्या मधला वेळ

हिशेब करा. नव्वद फटके, प्रत्येकी तीस सेकंद, म्हणजे पाऊण तास. फेरी चार-साडेचार तासांची. उरलेले सव्वातीन ते पावणेचार तास एकाग्र राहायचा प्रयत्न केला तर तेराव्या होलपासून डोकं जड होणारच. म्हणून फटका झाला की लक्ष सोडून द्या. गप्पा मारा, टिटव्या बघा. पुढच्या चेंडूपासून वीस पावलांवर पुन्हा आत या, तिथे अंतर आणि वारा सुरू.

फटक्यानंतर चेंडू जमिनीला लागेपर्यंत फिनिशमध्ये तोल धरून उभे राहा. मग एकच प्रश्न: निर्णय चुकला, की निर्णयावर विश्वास नव्हता, की दोन्ही ठीक असून फक्त लागला नाही? तिसरं उत्तर असेल तर पुढे काही करायचं नाही. चेंडू नेहमीच थोडे इकडेतिकडे पडतात, हा त्याचाच भाग आहे. पहिल्या दोघांपैकी असेल तर एकदा नाव द्या, ग्लोव्ह काढा. ग्लोव्ह निघाला की फटका संपला. इतकी साधी शारीरिक खूण असली की मनाला दार लावणं सोपं जातं.

पुण्यात जन्मलेला गोल्फपटू अनिर्बान लाहिरी विपश्यना करतो, हे त्याने अनेकदा सांगितलं आहे. इगतपुरीला दहा दिवस बसून आलेल्यांना त्यातला उपयोगाचा भाग लगेच कळेल. मन भरकटलं हे लवकर लक्षात येणं आणि त्रागा न करता परत येणं, एवढंच. रोज दहा मिनिटं नाकपुड्यांशी श्वास बघत बसलात तरी रेघेच्या मागे उभं असताना ‘आपण अजून मागच्या बंकरमध्येच आहोत’ हे वेळेवर कळू लागतं.

शेवटच्या पाच होलांची घसरण मात्र नेहमी मनाची नसते. एप्रिल-मेच्या उन्हात दर होलला तीन-चार घोट पाणी घ्या आणि सहाव्या व बाराव्या होलनंतर काहीतरी खा, केळं किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ. नवव्या होलनंतरचे दोन बटाटेवडे आणि बिअर यांचा हिशेब दहाव्या टीवर लगेच दिसतो.

पावसाळ्यात फटक्याआधीच्या क्रमात एक पायरी वाढवा: स्टान्सआधी क्लबफेस आणि ग्रिप पुसणं. दोन-तीन ग्लोव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून आलटून-पालटून वापरा. ओल्या ग्रिपवर पकड आपोआप आवळते, आणि पुढचं वर आलंच आहे.

पटिंग

कॅलगरी विद्यापीठाच्या जोन विकर्स यांनी पटिंग करणाऱ्यांच्या नजरेचा अभ्यास केला. चांगल्या खेळाडूंची नजर स्ट्रोकआधी चेंडूवर एका जागी दोन-तीन सेकंद स्थिर राहते आणि चेंडू गेल्यावरही क्षणभर तिथेच असते. कच्च्या खेळाडूंची होल, पटर (पटिंगचा क्लब), चेंडू अशी भिरभिरते. चेंडूच्या मागच्या बाजूचा एक ठिपका निवडा, नजर तिथे टेकवा, मग स्ट्रोक, आणि चेंडू निघून गेल्यावर अर्धा सेकंद हिरवळच बघा. पटिंगमध्ये लयीचं प्रमाण दोनास एक असतं.

हौशी खेळाडूला एका ग्रीनवर पटरचे तीन फटके लागतात ते दिशेमुळे क्वचित, अंतरामुळे जास्त. सराव-स्ट्रोक चेंडूकडे नाही, होलकडे बघत करा. हाताला वेग आपोआप कळतो. छोट्या पटसाठी पटरच्या डोक्याहून बोटभर रुंद असं दोन टींचं फाटक करून तीन फुटांवरून सलग दहा घाला. चुकला की पुन्हा एकपासून.

हात झटका देऊन उडत असेल, म्हणजे यिप्स असतील, तर त्याला भित्रेपणा म्हणू नका. काहींच्या बाबतीत त्यात स्नायूंच्या नियंत्रणाचा खरा बिघाड असतो. अशा वेळी पकड बदलणं उपयोगी पडतं: डावा हात खाली, किंवा उजव्याची क्लॉ, म्हणजे पंजासारखी, पकड. जर्मन गोल्फपटू बर्नहार्ड लँगरने या दुखण्यावर पकडी आणि पटर बदलत दशकानुदशकं खेळ टिकवला. लांब पटर आजही चालतो, फक्त १ जानेवारी २०१६ पासून तो छातीला किंवा पोटाला टेकवून धरता येत नाही.

साठ चेंडूंची बकेट

पहिले बारा वेजने अर्धे, अंग मोकळं करायला. पुढचे अठरा एका दुरुस्तीवर, बाहेरच्या एका सूचनेसह, काठी जमिनीवर. राहिलेले तीस म्हणजे तुमचा नेहमीचा कोर्स. पहिलं होल ड्रायव्हर, जिथे पडला असं वाटतं तिथून उरलेल्या अंतराचा क्लब, मग दुसरं होल. प्रत्येक चेंडूला वाक्य, सराव-स्विंग, खूण, सगळं. एक क्लब सलग दोनदा हातात नको. दर दहा चेंडूंनंतर एक ‘एकुलता’ चेंडू: दोन खांबांमध्ये तीस यार्डांचा फेअरवे मानायचा आणि निकाल लिहून ठेवायचा. सोबत्याशी चहाची पैज लावली तर हातांना घाम येतो, तो हवाच आहे. या बकेटीला सव्वा तास लागतो. पंचवीस मिनिटांत संपली तर तो व्यायाम झाला.

फेरीत स्कोअरकार्डाच्या मागे प्रत्येक फटक्याला दोन खुणा करा: निर्णय स्पष्ट होता का, फटक्याआधीचा क्रम पुरा झाला का. फटका कसा गेला ते लिहायचं नाही. पहिल्या रविवारी नव्वदपैकी तीस-चाळीस फटक्यांनाच दोन्ही खुणा मिळतील, आणि त्यांतल्याही बऱ्याच पहिल्या नऊ होलांत असतील. महिनाभरात साठ गाठायचं बघा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात स्कोअर दोन-तीन फटक्यांनी वाढू शकतो, कारण लक्ष नव्या पायऱ्या आठवण्यात जातं. तिथेच बहुतेक जण सोडून देतात.

साठ खुणा मिळाल्यावरही दोन्ही खुणांचे फटके सतत एकाच बाजूला जात असतील, तर ती मनाची गोष्ट उरली नाही. मग प्रशिक्षकाकडे जा आणि जाताना दोन व्हिडिओ घेऊन जा: एक छातीसमोरून, दुसरा लक्ष्यरेषेच्या मागून, फोन हातांच्या उंचीवर, २४० चौकटींवर. सोबत स्कोअरकार्डाच्या त्या मागच्या बाजू. उजवीकडे गेलेले फटके खुणा असलेले किती आणि नसलेले किती, हे त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं तर उरलेला तास ग्रिप आणि क्लबफेसवर घालवता येईल.